टाकणे आणि ओतणे

काही परकीय शब्द आपल्या घरात पाहुण्यासारखे येतात, ओसरीवर चार दिवस बसतात आणि मग केव्हा माजघरात शिरले ते कोणास कळतही नाही. ‘कास्टिंग’ हा इंग्रजी शब्द असाच आहे. गेल्या दिवाळीत एकाच दुपारी तो आमच्या घरी दोन तोंडांतून उच्चारला गेला, आणि त्या दोन उच्चारांत इतके अंतर होते की, त्याचा शोध घेतल्यावाचून मला राहवेना.

झाले असे. माझी नात गाल फुगवून कोपऱ्यात बसली होती. विचारले तेव्हा म्हणाली, “आजोबा, स्नेहसंमेलनाच्या नाटकाचं कास्टिंग झालं. मला दासी दिली.” तिची समजूत घालीत आहे तोच दारात माझा एक जुना विद्यार्थी उभा राहिला. कोल्हापूरकडे त्याचा कारखाना आहे, इतके मला ऐकून ठाऊक होते. हल्ली काय चालले आहे असे विचारता तो म्हणाला, “सर, कास्टिंगचाच धंदा.” नातीने चटकन डोके वर काढले. “म्हणजे तुम्ही नाटकात कामं देता?” तो मोठ्याने हसला. “न्हाई बाळ, मी लोखंड ओततो.”

त्या विद्यार्थ्याची आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. ती शेवटी सांगेन. आधी या शब्दाचा इतिहास पाहू.

इंग्रजीतील ‘कास्ट’ हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. उत्तरेकडील नॉर्स दर्यावर्दी लोक इंग्लंडात येऊन राहिले, त्यांच्या ‘कास्टा’ या धातूपासून तो आला. त्याचा अर्थ साधा आहे : फेकणे, टाकणे. तेथून त्याला इतक्या फांद्या फुटल्या की इंग्रज माणूस नांगर टाकतो, नजर टाकतो, फासे टाकतो, मत टाकतो, जाळे फेकतो, ते सर्व ‘कास्ट’ करतो. साप कात टाकतो, तेही ‘कास्ट’. ज्योतिषी पत्रिका मांडतो, तेही ‘कास्ट’. सभेत दोन्ही बाजूंची मते सारखी पडली म्हणजे अध्यक्ष जे निर्णायक मत देतो, ते ‘कास्टिंग’ मत. नाटकातील पात्रे नटांस वाटून देणे हे ‘कास्टिंग’, आणि वितळलेला धातू साच्यात ओतणे हेही ‘कास्टिंग’च.

आपल्या ‘टाकणे’ या क्रियापदाचा संसारही लहान नाही, हे वरील उदाहरणांवरून आपल्या ध्यानात आले असेलच. परंतु धातूपाशी येताच मराठी माणूस ‘टाकणे’ हा शब्द खाली ठेवतो आणि ‘ओतणे’ हा शब्द उचलतो. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. टाकलेली वस्तू कोठे पडेल ते टाकणाऱ्याच्या हातात नसते. ओतणाऱ्याचे तसे नाही. रस कोठे जाणार, कोणता आकार घेणार, हे त्याने आधीच साचा करून ठरविलेले असते. म्हणून ओतण्याची जबाबदारी अधिक आहे. तेथे चुकले तर दैवाकडे बोट दाखविता येत नाही.

आता ओतण्याचा इतिहास पाहू. त्यात आरंभापासून दोन परंपरा दिसतात : एक साचा मोडणारांची आणि दुसरी साचा राखणारांची.

पहिल्या परंपरेची अतिशय जुनी साक्ष आपल्या महाराष्ट्रातच सापडली आहे. १९७४ साली अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे, एका झाडाचे मूळ खणीत असता चार वस्तू जमिनीतून वर आल्या : बैल जुंपलेला रथ व त्यात उभा असलेला माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सर्व मिळून वजन साठ किलोंहून अधिक, आणि धातूचे ओतकाम भरीव. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या असाव्यात, असे पुष्कळ संशोधक मानतात. गावोगाव भांडी बनली आणि मोडली, शस्त्रे बनली आणि वितळली. ह्या चार वस्तू मात्र भूमीच्या पोटात लपून राहिल्या म्हणून वाचल्या. धातूची जात अशी आहे की ती गरजेच्या वेळी कोणाच्याही मुशीत जाण्यास तयार असते.

मूर्ती ओतण्याच्या रीतीस आपल्या जुन्या ग्रंथांत मधूच्छिष्टविधान असे सुंदर नाव आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले उष्टे, अर्थात मेण. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला, त्यात ही रीत सांगितली आहे. प्रथम मूर्ती मेणाची करावयाची. तिच्यावर मातीचे लेप चढवून ते वाळवावयाचे. मग विस्तवावर धरताच मेण वितळून छिद्रावाटे निघून जाते, आणि मातीच्या आत मूर्तीएवढी पोकळी राहते. त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. मेण तोलून घेतले म्हणजे धातू किती लागेल त्याचा हिशेब बसतो. रस निवाला की माती फोडावयाची. साचा गेला, मेण तर आधीच गेले. त्या मूर्तीसारखी दुसरी हवी असेल तर कारागिरास पुन्हा मेणापासून आरंभ करावा लागतो. म्हणूनच या रीतीने घडलेली प्रत्येक मूर्ती एकुलती एक असते.

तोफाही याच कुळातल्या. विजापूरची ‘मलिक-इ-मैदान’, म्हणजे आपली मुलुखमैदान तोफ, १५४९ साली निजामशाहीत अहमदनगर येथे महंमद बिन हुसेन रूमी या कारागिराने ओतली. लांबी चौदा फुटांहून अधिक, वजन सुमारे ५५ टन, आणि तोंडाशी हत्तीस गिळणाऱ्या श्वापदाचा जबडा. ही तोफ पुढे परांड्यास गेली, तेथून १६३२ साली विजापुरास आली. इंग्रजी अमलात, १८५४ साली, सरकारी अडगळ विकून टाकावी असा हुकूम सुटला तेव्हा तिलाही लिलावात उभी केली. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपये! सुदैवाने ती विक्री रद्द झाली, नाहीतर मुलुखमैदान भट्टीत गेली असती. आज तोफ विजापुरास आहे आणि तिचे नाव मात्र आपल्या भाषेत फिरत आहे. मोठ्या आवाजाच्या वक्त्यास आपण अजून मुलुखमैदान म्हणतो.

आता दुसऱ्या परंपरेकडे वळू. साचा न मोडता जपून ठेवावयाचा आणि त्यातून एकासारख्या एक हजारो वस्तू काढावयाच्या, या विचाराने जगात मोठी क्रांती केली, ती अक्षरांच्या ओतकामात. धातूचे खिळे ओतून छापलेले एक बौद्ध पुस्तक कोरियात १३७७ सालचे आहे. युरोपात जर्मनीतील माइंझ येथे गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबल छापून पुरे केले. युरोपीय रीत अशी : पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे व उठावदार कोरावयाचे, ती कांडी तांब्याच्या तुकड्यावर ठोकून त्यात सुलटे, खोल अक्षर उमटवावयाचे, तो तुकडा साच्याच्या बुडाशी बसवून वरून शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतावयाचा. निवाला की खिळा तयार. तांब्याचा तुकडा जागच्या जागी असतो. पुन्हा रस ओता, पुन्हा तेच अक्षर.

हे ओतकाम मराठीच्या वाट्यास उशिरा आले, आणि त्याची किंमत आपण मोजली आहे. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, परंतु अक्षरे रोमन. कारण देवनागरीचे खिळे तेथे ओतलेले नव्हते. मराठी भाषेची थोरवी गाणारा तो कवी, आणि त्याची मराठी परक्या लिपीचा अंगरखा घालून जगापुढे आली. अक्षर न ओतल्याने भाषेचे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे जवळजवळ दोनशे वर्षांनी, १८०५ साली, मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली. पण ती ताम्रपटावर पाने कोरून. अशा पटाचा उपयोग त्या एका पानापुरताच. त्याच १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी याचे मराठी व्याकरण खिळे जुळवून निघाले. श्रीरामपूरच्या खिळ्यांमागे पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराची विद्या होती. नावच सांगते की घराणे लोहाराचे. लोखंडाचा अंगचा अभ्यास त्याने अक्षरांच्या कामी लावला.

मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले. छापण्याच्या शाईत चरबी असते म्हणून धार्मिक लोक छापील पोथीस शिवत नसत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली. पुढे त्यांनी स्वतःचे खिळेही तयार केले. त्यांच्या पाठोपाठ जावजी दादाजी आले. लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळ्यांच्या कामावर लागलेला हा मुलगा. त्याने १८६४ साली स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू या कारागिराने कोरलेल्या ठशांवरून निघालेली ती अक्षरे इतकी सुबक होती की, निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांनी काशीपासून युरोपपर्यंत मान मिळविला. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून खिळ्यांची संख्या कित्येक शेकड्यांवर जाते. ती कमी कशी करावी या प्रश्नात लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषानेही लक्ष घातले होते. आपल्या आजोबा-पणजोबांनी पंचांग पाहिले, पोथी वाचली, वर्तमानपत्र चाळले, ते या ओतीव अक्षरांच्या बळावर.

येथवर साचा राखणारांचे उपकार सांगितले. परंतु याच छापखान्यातून दोन शब्द असे बाहेर पडले की ते माणसांवर जाऊन बसले. जुळविलेल्या पानाचा छाप घेऊन त्यावरून सबंध पानच एका पत्र्यात ओतून काढण्याची युक्ती निघाली. त्या पत्र्यास ‘स्टीरिओटाइप’ म्हणत. फ्रेंच मुद्रक तशाच पत्र्यास ‘क्लिशे’ म्हणत. अक्षरे सुटी करून पुन्हा जुळविण्याचा खटाटोप नको, तेच पान वाटेल तेव्हा छापा. अमेरिकन लेखक वॉल्टर लिपमन याने १९२२ सालच्या ग्रंथात ‘स्टीरिओटाइप’ हा शब्द माणसांविषयी आपल्या मनात तयार असणाऱ्या ठरीव चित्रांस लाविला. अमका प्रांत म्हणजे कंजूष, तमका म्हणजे भांडखोर. माणूस पाहावयाचा नाही, पत्रा काढावयाचा आणि छापावयाचे. मराठीत आपण यास ‘साचेबंद’ म्हणतो. तो शब्दही ओतशाळेतूनच आला आहे.

नाटक-सिनेमातील ‘कास्टिंग’ येथे ओतकामाच्या शेजारी येऊन उभे राहते. एकाच तऱ्हेची भूमिका नटास पुन्हा पुन्हा देतात, त्यास ‘टाइपकास्ट’ होणे म्हणतात. म्हणजे माणसाचा खिळा झाला. परंतु याच्या उलट उदाहरणही आपल्या जवळचेच आहे. दादासाहेब फाळके हे छपाईच्या धंद्यातून सिनेमाकडे आलेले गृहस्थ. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटात तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना कोणी स्त्री मिळेना. अखेर त्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणास तारामती केले. तोच साळुंके १९१७ साली ‘लंकादहन’ चित्रपटात राम झाला आणि सीताही झाला! स्वयंपाकघरातल्या माणसात राणी, राम आणि सीता पाहणारी दृष्टी खिळा ओतणाऱ्याची नव्हे. ती मेणाची मूर्ती घडविणाऱ्याची.

आता एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्रजीत जातीस ‘कास्ट’ म्हणतात. उच्चार सारखा म्हणून पुष्कळांस तो हाच शब्द वाटतो. तो नव्हे. पोर्तुगीज लोकांच्या ‘कास्ता’ या शब्दापासून तो आला. त्याचा अर्थ वंश, कुळी. सोळाव्या शतकात ते लोक आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हा येथील समाजव्यवस्थेस त्यांनी तो शब्द लाविला. अठराव्या शतकापर्यंत इंग्रज दोन्ही शब्द एकाच तऱ्हेने लिहीत. घोटाळा त्यांचाही होत असे. असाच घोटाळा आपल्याकडे ‘ओतप्रोत’ या शब्दाचा होतो. तो ‘ओतणे’ यापासून आलेला नाही. तो विणकरांचा शब्द आहे, ताण्याबाण्यासारखा उभाआडवा विणलेला, असा त्याचा मूळ अर्थ. पण शब्दांचे कुळ वेगळे असले तरी कधी कधी त्यांचा स्वभाव जुळतो. धातू ओतणाऱ्यास आपण ओतारी म्हणू लागलो, आणि मग ओताऱ्याचा मुलगा ओतारीच, असे ठरवून टाकले. जन्माच्या वेळीच भूमिका वाटून दिली. कोशकार हे दोन शब्द वेगळे ठेवतो. समाजाने ते बराच काळ एक करून ठेवले होते.

श्रोते हो, आता माझ्या विद्यार्थ्याची राहिलेली गोष्ट.

शाळेच्या नाटकाची पात्रे वाटून देण्याचे काम पुष्कळ वर्षे माझ्याकडे होते. हा मुलगा खेड्यातून येई. अंगाने थोराड, आवाज घोगरा, आणि बोली गावाकडची. पहिल्या वर्षी मी त्याच्या हाती भाला दिला आणि राजवाड्याच्या दारात उभे केले. त्यास तो पोशाख शोभलाही. दुसऱ्या वर्षी भालाच दिला. तिसऱ्या वर्षी तो माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, “सर, औंदा एखादं वाक्य तरी द्या की.” त्याची बोली राजसभेत शोभणार नाही, असे माझ्या मनाने कधीच ठरवून ठेविले होते. मी हसून त्यास ‘महाराजांचा विजय असो’ एवढे वाक्य दिले, तेही सर्वांनी मिळून म्हणावयाचे. आपण काही अन्याय करीत आहो, हे माझ्या ध्यानीही आले नाही. माझा पत्रा तयार होता. मी तो दर वर्षी छापीत होतो.

त्या दिवाळीच्या दुपारी फराळ करता करता त्यानेच ती आठवण काढली. “तीन वर्षं भाला धरून उभा होतो सर मी.” शब्दांत राग नव्हता, आणि म्हणूनच मला खाली पाहावे लागले. विषय बदलावा म्हणून मी विचारले, “तुझ्या कारखान्यात एखादे कास्टिंग बिघडले तर त्याचे काय करतोस?”

तो म्हणाला, “परत भट्टीत, सर. लोखंड वाया जात न्हाई. पण आधी साचा तपासायचा. चूक लोखंडाची क्वचित असती. वाळूची असती, साच्याची असती, न्हाईतर ओतणाऱ्या हाताची.”

त्याने हे आपल्या धंद्याविषयी सांगितले. माझ्याविषयी बोलावे असे त्याच्या मनात नसावे. परंतु मी उभ्या जन्मात मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर जे शेरे लिहिले ते त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढून गेले. मंद, उर्मट, गणितात कच्चा, व्यासपीठास अयोग्य. प्रत्येक वेळी मी लोखंडास नावे ठेविली होती. साचा तपासून पाहावा असे मनात आले नाही.

छापखान्यातील खिळा झिजला म्हणजे त्यास फेकून देत नसत. वितळवून त्याच धातूचा दुसरा खिळा करीत. काल जो ‘क’ होता तो उद्या ‘ज्ञ’ होई. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणक आले, खिळ्यांचे दिवस सरले, पेट्याच्या पेट्या वजनावर विकल्या गेल्या. पण जोवर ते होते तोवर कोणत्याही खिळ्यास जन्मभर एकच अक्षर राहण्याची सक्ती नव्हती. शिशास आपण जी सवलत दिली ती मुलांस द्यावयास काय हरकत आहे? माझ्या विद्यार्थ्याने मला न विचारताच स्वतःस पुन्हा ओतले, म्हणून तो सुटला. सर्वांनाच ते साधत नाही.

त्या रात्री नातीस मी अण्णा साळुंके यांची गोष्ट सांगितली. तिने ती लक्षपूर्वक ऐकली आणि म्हणाली, “मग आजोबा, आमच्या बाईंना सांगा ना.” मी सांगणार नाही. पण आपल्यापैकी जे कोणी शिक्षक, आईबाप किंवा कचेरीत चार माणसांस कामे वाटून देणारे असतील, त्यांस मात्र आज सांगितले.

जाता जाता या शब्दाची शेवटची फांदी. रेडिओस इंग्रजीत ‘ब्रॉडकास्टिंग’ म्हणतात. मुंबईचे केंद्र १९२७ साली सुरू झाले तेव्हा तो शब्द आपल्याकडे नवा होता. परंतु इंग्लंडातील शेतकऱ्यांस तो रेडिओच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक होता. पाभरीने ओळीत न पेरता मुठीने बी चहूकडे फोकणे, हा त्याचा मूळ अर्थ. तेथे साचा नाही. कोणता दाणा कोठे पडेल आणि कोठे रुजेल, हे फोकणाऱ्यास दिसत नाही. शाळेत मी पुष्कळ ओतले. आता या वयात मूठभर फोकून पाहिले, इतकेच.